फोकाचे तीन फटके

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधोमध जो समुद्र पसरलेला आहे, त्यात आयल ऑफ मॅन नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ५७२ चौरस किलोमीटर. गोव्याचे सहा सारखे भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनही ते थोडे लहानच भरेल. २०२१ च्या जनगणनेत तेथे सुमारे ८४,००० माणसे मोजली गेली. बिनशेपटीची मांजरे आणि १९०७ पासून चालत आलेल्या मोटारसायकलींच्या शर्यती यांमुळे त्याचे नाव जगाला ठाऊक आहे. परंतु न्यायशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना ते बेट आठवते ते एका वेगळ्याच कारणासाठी. १९७२ साली तेथील पंधरा वर्षांच्या एका मुलाला फोकाचे तीन फटके मारण्यात आले आणि त्या तीन फटक्यांचा आवाज साऱ्या युरोपच्या न्यायमंदिरात जाऊन पोहोचला. ती कथा आपल्या कुटुंबांत वाचली जावी आणि तिच्यावर विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

टेकडीवरून वाचला जाणारा कायदा

हे बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली आहे, परंतु ते ब्रिटनचा भाग नाही. १७६५ साली ब्रिटिश राजसत्तेने ॲथॉलच्या ड्यूककडून या बेटावरील हक्क ७०,००० पौंडांना विकत घेतले. परराष्ट्रव्यवहार आणि संरक्षण ब्रिटन पाहते; बाकीचा कारभार बेटवासी स्वतः पाहतात. त्यांची विधानसभा ‘टिनवॉल्ड’ या नावाने ओळखली जाते. ती नॉर्स लोकांच्या काळापासून चालत आली असे तेथील लोक मानतात आणि १९७९ साली त्यांनी तिचा सहस्रसंवत्सरी उत्सवही थाटात साजरा केला.

दर वर्षी जुलै महिन्याच्या पाच तारखेच्या सुमारास सेंट जॉन्स या गावातील एका चार टप्प्यांच्या हिरव्या टेकडीवर ही सभा उघड्या आभाळाखाली भरते. टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवर लव्हाळ्याचे गवत पसरलेले असते. त्या वर्षी संमत झालेल्या कायद्यांचा सारांश इंग्रजीत आणि बेटाच्या मँक्स भाषेत जनतेसमोर वाचला जातो. अशा रीतीने अठरा महिन्यांच्या आत जो कायदा जाहीर वाचला गेला नाही, तो रद्द होतो. कायदा बंद दाराआड राहू नये, तो लोकांच्या कानांवर पडावा, हा त्यामागील हेतू. त्याच दिवशी ज्याला काही गाऱ्हाणे असेल त्याने लेखी अर्ज घेऊन टेकडीच्या पायथ्याशी यावे, हा तेथील पुरातन हक्क आजही चालू आहे.

तेथील न्यायाधीशाला ‘डीमस्टर’ म्हणतात. अधिकारपद स्वीकारताना तो जी शपथ घेतो ती मासळीच्या बाजाराजवळ वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांना तर फारच आवडेल. हेरिंग माशाचा काटा जसा त्याच्या अंगाच्या बरोबर मधोमध असतो, ना डावीकडे झुकलेला ना उजवीकडे, तसाच समतोल न्याय मी दोन्ही पक्षांना देईन, असे वचन तो देतो.

नागरी हक्कांच्या बाबतीतही हे बेट मागासलेले नव्हते. १८८१ साली तेथील मालमत्ताधारक अविवाहित स्त्रियांना व विधवांना मतदानाचा हक्क मिळाला. त्या काळी इंग्लंडमधील स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येत नव्हते आणि पुढे १९१८ पर्यंत ते देता आले नाही. असे हे जुन्या परंपरेचे, कायद्याचा आदर करणारे, शांत बेट. त्याच बेटावर पुढील प्रसंग घडला, हे ध्यानात ठेवावयास हवे.

त्या दिवशी काय घडले

कासलटाऊन या गावातील एका शाळेत काही मुलांनी चोरून बिअर आणली होती. एका वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने ती गोष्ट शिक्षकांच्या कानांवर घातली. त्याचा राग मनात धरून चार मुलांनी त्या विद्यार्थ्याला मारहाण केली आणि त्याला दुखापत झाली. त्या चौघांपैकी एक मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याची पूर्वीची वर्तणूक चांगली होती. ७ मार्च १९७२ रोजी त्याने बालन्यायालयापुढे आपला अपराध कबूल केला. न्यायालयाने त्याला बर्चच्या फोकाचे तीन फटके मारण्याची शिक्षा फर्मावली.

बर्च हे थंड प्रदेशातील एक झाड. त्याच्या लवचिक फांद्यांची जुडी बांधून हे शिक्षेचे साधन तयार होत असे. आपल्याकडील चिंचेच्या किंवा निरगुडीच्या ओल्या फोकाची ज्यांना लहानपणची आठवण असेल, त्यांना अधिक वर्णन नको. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथे न्यायालयांनी अशी शिक्षा देण्याची प्रथा १९४८ साली कायद्याने बंद झाली होती. आपल्या भारतातही फटक्यांच्या शिक्षेचा कायदा १९५५ साली रद्द करण्यात आला. परंतु लंडनमध्ये झालेला कायदा या बेटाला आपोआप लागू होत नाही. म्हणून बेटावर फोक तसाच राहिला.

मुलाने अपील केले. २८ एप्रिल १९७२ रोजी ते फेटाळण्यात आले आणि त्याच दिवशी दुपार उलटल्यावर शिक्षेची अंमलबजावणी झाली. डॉक्टर येईपर्यंत मुलाला पोलीस ठाण्यात बराच वेळ ताटकळत बसावे लागले. मग त्याला विजार व आतील चड्डी उतरवून टेबलावर ओणवे होण्यास सांगण्यात आले. दोन पोलिसांनी त्याला धरून ठेवले आणि तिसऱ्याने फटके मारले. पहिल्याच फटक्यास फोकाचे काही तुकडे तुटून उडाले. मुलाचे वडील तेथे हजर होते. तिसऱ्या फटक्यानंतर त्यांचा संयम सुटला आणि ते एका पोलिसाच्या अंगावर धावून गेले. त्यांना आवरावे लागले. मुलाची कातडी फाटली नाही, पण वळ उठले आणि सुमारे दीड आठवडा दुखत राहिले.

येथे कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा गाजावाजा कशाला? ज्या विद्यार्थ्याने खरे सांगितले, त्यालाच या मुलाने मारले नव्हते काय? प्रश्न अगदी रास्त आहे. त्या विद्यार्थ्याचे दुःख विसरून चालणार नाही. खरे बोलणाऱ्याचे रक्षण जेथे होत नाही, तेथे न्याय नांदत नाही. अपराधाला शिक्षा हवीच. वाद शिक्षा असावी की नसावी याविषयी नव्हता; कोणती शिक्षा माणसाला देता येते, याविषयी होता.

एकतीस हजार सह्या

युरोपातील राष्ट्रांनी १९५० साली रोम येथे मानवी हक्कांचा एक करार केला होता. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार कोणत्याही माणसाचा छळ करता येत नाही. त्याला अमानुष किंवा मानहानिकारक वागणूक वा शिक्षा देता येत नाही. ब्रिटनने हा करार १९५३ साली या बेटालाही लागू केला होता. त्याचा आधार घेऊन मुलाच्या वतीने सप्टेंबर १९७२ मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगाकडे दाद मागण्यात आली. पुढे १९७६ मध्ये अर्जदाराने आपली तक्रार मागे घेण्याची इच्छा दर्शविली. परंतु प्रश्न एका मुलापुरता राहिला नसून सर्वांच्या हक्कांचा आहे, असे म्हणून आयोगाने ती विनंती मान्य केली नाही. अखेर प्रकरण स्ट्रासबर्ग येथील न्यायालयापुढे गेले.

इकडे बेटावर मोठी खळबळ उडाली. फोकाची शिक्षा कायम ठेवावी, अशा मागणीच्या अर्जावर ३१,००० मतदारांनी सह्या केल्या. बेटावरील एकूण मतदार होते सुमारे ४५,०००! म्हणजे दर तीन मतदारांपैकी दोघे फोकाच्या बाजूने होते. ही माणसे क्रूर नव्हती. त्यांना आपले बेट शांत हवे होते. फोकाच्या भयाने गुंडगिरीला आळा बसतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आपल्या गावात असा अर्ज फिरला, तर किती जण सही करण्याचे नाकारतील, हे ज्याने त्याने स्वतःच्या मनाला विचारून पाहावे.

२५ एप्रिल १९७८ रोजी निकाल लागला. सहा न्यायाधीश एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला होते. बहुमताचे म्हणणे असे: हा छळ नव्हे आणि ज्याला अमानुष म्हणावे इतके दुःखही यात नाही, परंतु ही शिक्षा मानहानिकारक आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसावर ठरवून, कायद्याच्या नावाने, अधिकाऱ्यांच्या हातून हिंसा करावी, हेच तिचे स्वरूप. तिच्यात तो मुलगा माणूस न राहता सत्तेच्या हातांतील वस्तू बनला. शिक्षा चार भिंतींच्या आड झाली म्हणून मानहानी टळत नाही; माणूस स्वतःच्या नजरेतून उतरला तरी ती पुरेशी आहे. आणि शिक्षेचा धाक वाटतो, ती लोकांना हवी आहे, एवढ्यावरून तिचे स्वरूप बदलत नाही. कदाचित ती मानहानिकारक आहे म्हणूनच तिचा धाक वाटत असेल.

विरुद्ध मत देणारे न्यायाधीश होते सर जेराल्ड फिट्झमॉरिस. शाळकरी मुलांना मार देणे ही ज्या शिक्षणपद्धतीत नित्याची गोष्ट होती, तीतच आपण वाढलो आणि त्याचा आपल्या मतावर परिणाम झालेला असू शकेल, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. आपल्यापैकी कितीतरी जण हेच बोलतात: आम्हीही मार खाऊनच मोठे झालो, आमचे काय वाईट झाले? न्यायमूर्तींचा प्रामाणिकपणा मात्र आपण सहसा दाखवीत नाही.

संत पौल आणि रोमी शिपाई

ख्रिस्ती माणसाने हा निकाल वाचला, की त्याला पवित्र शास्त्रातील काही प्रसंग आठवल्याविना राहत नाहीत. जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात अपराध्याला फटके मारण्याची परवानगी आहे, परंतु चाळीसच्या पुढे जाण्याची मनाई आहे. कारण काय दिले आहे? त्याहून अधिक मारले तर तुझा बंधू तुझ्याच दृष्टीने तुच्छ ठरेल! म्हणजे अपराधी झाला तरी तो बंधूच राहतो, त्याची प्रतिष्ठा शिल्लक राहिली पाहिजे, हे बीज त्या कठोर काळातही पेरलेले होते.

संत पौलाला यहुदी लोकांकडून पाच वेळा एकूणचाळीस फटके बसले आणि तीन वेळा छड्यांचा मार बसला. यरुशलेममध्ये त्याला चाबकाने मारण्यासाठी वाद्यांनी बांधण्यात आले, तेव्हा त्याने शताधिपतीला शांतपणे विचारले, की रोमी नागरिकाला दोषी ठरविल्यावाचून फटके मारणे तुमच्या कायद्यात बसते काय? त्या एका प्रश्नाने शिपाई मागे सरले आणि त्यांचा सरदारही भयभीत झाला. नागरी हक्क म्हणजे काय, हे समजावून घ्यावयाचे असेल तर याहून सोपा धडा नाही. संत पौलाने आपल्या हक्काचा उच्चार करण्यात कमीपणा मानला नाही.

परंतु आमच्या प्रभूपाशी रोमी नागरिकत्व नव्हते. त्याच्या ठायी मला काही दोष सापडत नाही, असे पिलाताने स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि तरीही जमावाला खूश करण्यासाठी त्याला फटके मारविले. त्या दिवशी यरुशलेमच्या चौकात सह्या गोळा केल्या असत्या, तर त्या कोणाच्या बाजूने पडल्या असत्या हे आपणांस ठाऊक आहे. जमावाचे मत मोजता येते, पण त्या मोजणीतून न्याय निघतोच असे नाही. संत पौलाला रोमी म्हणून जे संरक्षण मिळाले, ते प्रत्येक माणसाला, परमेश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झालेला जीव म्हणून, मिळावयास हवे, अपराध्यालासुद्धा. स्ट्रासबर्गच्या न्यायाधीशांनी शास्त्राचा आधार घेतला नाही, परंतु ते याच उंबरठ्याशी येऊन पोहोचले.

फाशीचा दोर

बेटावर शेवटचा फोक जानेवारी १९७६ मध्ये वापरला गेला. १९७८ च्या निकालानंतरही कायद्याच्या पुस्तकातील ते कलम वर्षानुवर्षे पुसले गेले नाही. त्या पुस्तकात त्याहून भयंकर असे दुसरेही एक कलम होते. खुनाला फाशी, आणि तीही सक्तीची. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता.

प्रत्यक्षात कासल रशेन या किल्ल्यात शेवटची फाशी १८७२ साली दिली गेली होती. जॉन क्युईश नावाच्या माणसावर स्वतःच्या वडिलांच्या खुनाचा आरोप सिद्ध झाला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे फाशीची शिक्षा अधूनमधून सुनावली जाई आणि राजमुकुटाकडून दया मिळून तिचे जन्मठेपेत रूपांतर होई. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी १९६५ पासून थांबली, तरी बेटावर ते शब्द उच्चारले जातच राहिले. जुलै १९९२ मध्ये डीमस्टर हेन्री कॅलो यांनी एका तरुणाला फाशीची शिक्षा सुनावली. ब्रिटिश बेटांवर सुनावली गेलेली ती शेवटची फाशी. तीही अमलात आली नाही. १९९३ साली टिनवॉल्डने कायदा करून फाशी आणि फोक ही दोन्ही कलमे रद्द केली. २००१ साली बेटाने स्वतःचा मानवी हक्कांचा कायदा संमत केला आणि २००६ पासून तो पूर्णपणे अमलात आला.

जी शिक्षा द्यावयाचीच नाही, ती सुनावीत राहणे म्हणजे न्यायाची थट्टा होय. मरण ऐकणाऱ्या माणसाला, त्याच्या आईला आणि ते उच्चारणाऱ्या न्यायाधीशाला त्या क्षणी काय वाटत असेल? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली फाशी केवळ दुर्मिळात दुर्मिळ प्रसंगी द्यावी असे ठरविले आणि १९८३ साली जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनाला सक्तीची फाशी सांगणारे कलम घटनाबाह्य ठरविले. फाशी मात्र भारतीय कायद्यात अजून आहे.

ख्रिस्तसभेनेही या वाटेवर हळूहळूच पावले टाकली, हे नम्रपणे कबूल केले पाहिजे. पोपच्या राज्यात १८७० पर्यंत देहान्त शासन होत असे. व्हॅटिकनच्या कायद्यातून ते १९६९ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात काढून टाकण्यात आले. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जीवनाच्या पावित्र्याविषयीच्या आपल्या परिपत्रकात अशी शिक्षा आवश्यक ठरण्याचे प्रसंग आता जवळजवळ उरलेच नाहीत, असे प्रतिपादन केले. २०१८ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून मृत्युदंड अग्राह्य ठरविला, कारण तो मानवी प्रतिष्ठेवरचा आघात आहे.

आपल्या अंगणात

गोमंतकीय वाचकांना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोर्तुगालने सामान्य अपराधांसाठी फाशी १८६७ साली रद्द केली आणि १८७० साली तो नियम आपल्या सागरापलीकडील प्रदेशांनाही लागू केला. म्हणजे आयल ऑफ मॅनच्या शेवटच्या फाशीपूर्वीच गोव्याच्या कायद्यातून दोर गेलेला होता! परंतु म्हणून गोवा स्वतंत्र होता काय? १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली ती कशासाठी? चारचौघांत उभे राहून बोलण्याचा साधा हक्क येथील माणसाला नव्हता, म्हणूनच. त्याच वर्षी चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पकडून लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना दूर पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात डांबले. बेटावर टेकडीच्या पायथ्याशी गाऱ्हाणे मांडता येत होते, पण फोक होता. गोव्यात फाशी नव्हती, पण गाऱ्हाणे मांडावयास टेकडी नव्हती. एका चांगल्या कायद्याने दुसऱ्या वाईट कायद्याचे पाप झाकले जात नाही. देश कोणताही असो, हक्क एकेक करून मिळवावे लागतात आणि एकेक करून सांभाळावे लागतात.

आता शेवटचा प्रश्न घराचा आणि शाळेचा. गोव्याच्या २००३ च्या बालकायद्याने शाळांतील मारहाणीस बंदी केली आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ती देशभर लागू केली. तरी छडी अजून सर्वत्र गेलेली नाही. गावात एखादा पोरगा आंबे किंवा नारळ चोरताना सापडला, की त्याला खांबाला बांधून चार फटके देण्यास पुढे येणारे हात आजही कमी नाहीत. भोवती उभे राहून पाहणारे डोळे तर त्याहून अधिक असतात. त्या पोराला पोलिसांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या हवाली करावे, चोरलेल्याची भरपाई करून घ्यावी, त्याच्याकडून कष्टाचे काम करून घ्यावे, त्याला क्षमा मागावयास लावावी. यांतली प्रत्येक गोष्ट शिक्षाच आहे आणि तिच्यात त्याला स्वतःची चूक ओळखण्यास वाव आहे. फटका मात्र त्याला एवढेच शिकवितो, की ज्याच्या हाती बळ त्याचे खरे. बिअरचे गुपित फोडल्याबद्दल त्या चार मुलांनी आपल्या सोबत्याला मारले, तेव्हा त्यांनीही हाच नियम पाळला होता.

त्या पोलीस ठाण्यातील पिता आपणांस विसरता येत नाही. मुलाने अपराध केला हे त्याला ठाऊक होते. कायदा आपल्या विरुद्ध आहे हेही त्याला ठाऊक होते. तरी तिसऱ्या फटक्याला त्याला राहवले नाही. आपला मुलगा चुकला तरी तो आपला मुलगा आहे, हे त्याच्या अंतःकरणाने जाणले. अपराधी लेकराकडे स्वर्गातील पिता याच नजरेने पाहतो, अशी आपली श्रद्धा आहे. मग रविवारी मिस्साबलिदानाहून परतताना वाटेत कोणी कोणाला बांधून मारताना दिसला, तर आपण त्या घोळक्यात पाहत उभे राहणार, की पुढे होऊन त्याचे हात सोडविणार, याचा निर्णय आजच घरी सर्वांनी मिळून करून ठेवावा.